अर्थ कुठून येतो?

“जरा पाय वर घ्या,” सुतार म्हणाला, आणि बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर घेतले. खडूची रेघ त्यांच्या खालून सरकत थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली. सुताराने उभं राहून, मान तिरकी करून ती न्याहाळली. दारापाशी जरा पुसट वाटली म्हणून पुन्हा वाकून गिरवली. मधल्या आडभिंतीसाठी लाकडी फळ्यांची चळत कालच व्हरांड्यात येऊन पडली होती.

“रेघेच्या अलीकडे काय येणार?” बाईंनी विचारलं.

“अलीकडे संगणक. पलीकडे जुनी कपाटं.”

“आणि आम्ही?”

सुताराने खडू खिशात टाकला. तेवढं मात्र त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

‘आम्ही’ म्हणजे मानव्यविद्या मंडळ. नाव चांगलं भारदस्त, पण मंडळ म्हणजे खरं तर एकट्या बाईच. त्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. इतिहास, भाषा, कला, तत्त्वज्ञान, सगळे विभाग एकाच मजल्यावर, पण शेजारच्या दारात काय शिजतंय याचा कुणाला पत्ता नसे. जिन्यात भेटले तर ‘काय, बरं आहे ना?’ एवढंच, आणि उत्तर ऐकायलाही कुणी थांबत नसे. बाईंना याचा मनस्वी राग यायचा. अरे, आयुष्यभर माणसांबद्दल वाचायचं, लिहायचं, आणि शेजारच्या माणसाशी मात्र बोलायचं नाही, हे काय? म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी हट्टाने ही खोली मागून घेतली. महिन्यातून एकदा कुणीतरी बोलावं, बाकीच्यांनी ते खोडून काढावं, मग सगळ्यांनी मिळून चहा प्यावा आणि भांडण अर्धवट सोडून घरी जावं, म्हणजे पुढच्या वेळी यायला निमित्त राहील. एवढंच साधं स्वप्न होतं.

प्रत्यक्षात काय व्हायचं? वक्ता यायचा. वक्त्याला तोंड दाखवायला त्याचे दोन-तीन विद्यार्थी यायचे. आणि बाईंच्या सासूबाई यायच्या.

सासूबाई मात्र एकदाही चुकल्या नाहीत. विद्यापीठाच्या आवारातच घर, पायी येण्याजोगं. उजेड बरा म्हणून त्या खिडकीशी खुर्ची घेत आणि पिशवीतून लोकर-सुया काढत. ‘सत्य म्हणजे काय’ या व्याख्यानात नातवाच्या स्वेटरची डावी बाही पुरी झाली, उजवी इतिहासाच्या साधनांवर. शिल्पकलेच्या वेळी गळा उसवावा लागला, कारण वक्ते मधेच फार रंगले आणि आजींचं लक्ष तिकडे गेलं. सुनेच्या कार्यक्रमाला निदान एक खुर्ची भरलेली दिसावी, यापलीकडे त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

खोलीवर नजर होती ती अर्थशास्त्राच्या प्रमुखांची. त्यांना सगळे टक्के सर म्हणत, कारण ‘हो’ म्हणायचं असेल तरी ते ‘शंभर टक्के’ म्हणत. जागावाटप समितीचे अध्यक्ष तेच. त्यांची केबिन चौकापलीकडे, याच उंचीवर, बरोबर समोर होती आणि तिचा पडदा कायम अर्धा ओढलेला असे. मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला ते फिरकले नव्हते. तरी माणूस दुष्ट होता असं बाईंनाही म्हणता येईना. त्यांचे संशोधक विद्यार्थी मांडीवर संगणक घेऊन जिन्यात बसत, ते बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी सरळ सांगून टाकलं होतं, आजच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरल्या तर खोली मंडळाची, नाही भरल्या तर उद्या सकाळी सुतार काम सुरू करेल. यात रागवायला तरी जागा कुठे होती?

आजचे वक्ते भाषाशास्त्राचे निवृत्त सर होते. त्यांना विद्यार्थी मागून ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण दर दोन शब्दांनंतर ते थांबत, आणि कधीकधी ऐकणारा तोवर घरी पोचत असे. विषय त्यांचा आयुष्यभराचा होता, शब्दाला अर्थ कुठून येतो. बाईंनी घरी जेवणाच्या टेबलावर जाहिरात रंगवायला घेतली तेव्हा नवरा म्हणाला होता की फार शब्द कोंबू नकोस, लांबून वाचता आलं पाहिजे. म्हणून त्यांनी वेळ आणि खोली सोडून खालची सगळी बारीक अक्षरं गाळली आणि जाड ब्रशने एवढंच लिहिलं: ‘अर्थ कुठून येतो? या आणि भांडा.’ सगळ्या इमारतींतल्या फलकांवर त्यांनी ती स्वतः जाऊन लावली.

दुपारी स्वल्पविराम सर वेळेआधी आले. पाठोपाठ सासूबाई आल्या, खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. बाईंनी बिस्किटांच्या बशा एकदा डावीकडे सरकवल्या, एकदा उजवीकडे.

आणि मग जिन्यात गलका झाला.

आधी पाच-सहा मुली आल्या. मग मुलगे. मग मुलामुलींचा असा लोंढा आला की दारात कोंडी झाली. बाई बघतच राहिल्या. खुर्च्या भरल्या, भिंतीकडेला रांग लागली. सासूबाईंनी आपली खुर्ची एका लंगडत आलेल्या मुलीला दिली आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत शेवटी टक्के सर आले आणि मागच्या रांगेत, कुणीतरी राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसले. बाईंना वाटलं, आता आनंदाने आपल्याला चक्कर येणार.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, “यात महागाईचं येईल ना रे?”

“येणारच. अर्थ म्हटल्यावर.”

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही सगळी मुलं अर्थशास्त्राची होती. जाहिरात आठवडाभर भिंतीवर होती. भाषेच्या लोकांनी ती वाचली आणि त्यांना एकच अर्थ दिसला. अर्थशास्त्राच्या लोकांनी वाचली आणि त्यांनाही एकच दिसला. आणि जन्मभर शब्दांचा कीस काढत बसलेल्या बाईंनी ती आपल्या हाताने लिहिली, तरी त्यांना दुसरा अर्थ शिवलासुद्धा नव्हता. आपापल्या दाराआड इतकी वर्षं बसलं की असंच व्हायचं.

त्या लगबगीने दारापाशी गेल्या आणि सासूबाईंच्या कानात घोटाळा सांगितला.

“मग गप्प बस,” सासूबाई कुजबुजल्या. “दारात आलेल्या पाहुण्याला कुणी विचारतं का, कशाला आलास म्हणून? खोली भरली ना?”

खोली भरली होती. हेच तर हवं होतं. आता स्वल्पविराम सरांनी बोलायला सुरुवात केली असती, तासभर मुलांनी जांभया दिल्या असत्या, आणि उद्या फळ्या जिथून आल्या तिथे परत गेल्या असत्या. बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. टक्के सर हाताची घडी घालून समोर बघत होते. फसवून भरलेली खोली आपल्याला हवी आहे का, असा प्रश्न बाईंनी स्वतःला विचारला, आणि तो विचारला तिथेच त्यांची पंचाईत झाली. इतकी वर्षं वर्गात नीती शिकवल्याचा हा परिणाम.

त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“माझी एक चूक झाली आहे,” त्या म्हणाल्या. “जाहिरातीत अर्थ लिहिलंय तो शब्दाचा अर्थ. पैशाचा नाही. सर भाषेवर बोलणार आहेत. तुमचा गैरसमज झाला असेल तर दोष माझा आहे, आणि ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. मला वाईट वाटणार नाही.”

शेवटचं वाक्य साफ खोटं होतं. त्यांचा आवाज ते बोलतानाच चिरकला.

खोलीत चुळबुळ झाली. कुणी हसलं. दोन-चार खुर्च्या करकरल्या, पाठोपाठ आणखी काही, आणि उठलेली मुलं मागे वळून आपल्या सरांकडे बघू लागली. टक्के सर सावकाश उठले. संपलं सगळं, बाईंना वाटलं, आपल्याच तोंडाने आपण संपवलं.

“जायच्या आधी एक विचारू का?” टक्के सर म्हणाले. “शब्दाचा तो अर्थ वेगळा आणि आमचा वेगळा, असं मॅडम म्हणतात. मग दोघांना नाव एकच कसं?”

प्रश्न बाईंना नव्हता. स्वल्पविराम सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग समोरची टिपणं त्यांनी उचलली, नीट जुळवली, आणि उलटी करून बाजूला ठेवली.

“विद्यार्थी,” ते म्हणाले, आणि थांबले.

सगळे थांबले. उठलेली मुलं तशीच अर्धवट उभी राहिली.

“शरणार्थी,” सर म्हणाले. “लाभार्थी. यातला, अर्थी, कोण?”

मग खिडकीशी बसलेली ती लंगडणारी मुलगी चाचरत म्हणाली, “ज्याला काहीतरी हवंय तो?”

“म्हणजे अर्थ, काय?”

“जे हवंय ते.”

“झालं तर,” सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की बाईंनी तो तसा कधी पाहिला नव्हता. “तुमचे सर ते, बाजारात शोधतात. मी, वाक्यात शोधतो. गिऱ्हाईक, एकच आहे.”

हशा पिकला. उठलेल्यांपैकी एक जण खाली बसला, मग दुसरा. आणि मग काय विचारता! पुढच्या रांगेतला तो महागाईवाला मुलगा म्हणाला की नोटेचा कागद तर कवडीमोलाचा, सगळे मानतात म्हणून ती चालते, मग शब्दाचंही तसंच का? स्वल्पविराम सर ‘हो’ म्हणून थांबले, आणि त्या थांबण्यात इतिहासाचे सर घुसले, जे केवळ बाईंची भीड म्हणून दोन मिनिटं डोकावायला आले होते. नाणं हुकूम काढून बंद करता येतं, ते म्हणाले, एखादा शब्द हुकूम काढून बंद करून दाखवा. टक्के सर आपल्याच विद्यार्थ्याच्या विरुद्ध बोलले. विद्यार्थी सरांना बधला नाही. शेजारच्या कलाविभागातून ‘आवाज कसला’ म्हणून बघायला आलेल्या दोघी परत गेल्याच नाहीत. चहा थंडगार झाला, कुणाला शुद्ध नव्हती. लोक जागा सोडून एकमेकांपाशी जात होते, उभ्याने हातवारे करत होते, सबंध खोलीभर नुसती पायांची वर्दळ.

शेवटी कुणीतरी विचारलं, पुढच्या वेळी कुठला शब्द? एक मुलगी ओरडली, ‘भाव’, आमचा बाजारातला आणि यांचा मनातला. इतिहासाच्या सरांना ‘संधी’ हवा होता, कारण व्याकरणवाल्यांनी तो बळकावलाय आणि तो मुळात तहाचा शब्द आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलांनी तो आपलाच म्हणून दावा ठोकला. आधी कुठला, यावरून पुन्हा जुंपली. बाई खडू घेऊन फळ्यावर शब्द लिहीत गेल्या, एकाखाली एक, जागा संपली तेव्हा कडेने उभे. पाठ फिरवून लिहायला मिळालं हे एका परीने बरंच झालं, कारण त्या रडत होत्या. इतका आनंद त्यांना स्वतःची पदवी हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.

“आज एक टाकासुद्धा विणला नाही बघ,” घरी जाताना सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. “पाय मोडून आले उभं राहून.”

सकाळी बाई आल्या तेव्हा सुतार खोलीच्या मधोमध उकिडवा बसून फरशीवर हात फिरवत होता. टक्के सर दारात उभे होते.

“रेघच गेली,” सुतार म्हणाला. “इतकी गिरवली होती. परत मारू?”

टक्के सरांनी फरशीकडे पाहिलं, मग काठोकाठ भरलेल्या फळ्याकडे. तो अजून कुणी पुसला नव्हता.

“व्हरांड्यातल्या त्या फळ्यांचे बाक होतील का?” त्यांनी विचारलं.

“होतील की.”

“मग बाक करा.” ते बाईंकडे वळले. “माझी मुलं सकाळी इथे काम करतील. दुपार तुमची. चालेल?”

“शंभर टक्के,” बाई म्हणाल्या.

सर हसले नाहीत, पण जाता जाता दारात थांबले आणि सुताराला म्हणाले, “एक बाक खिडकीशी ठेवा. पाठ टेकता येईल असा. तिथे विणणाऱ्या आजी बसतात.”

सुताराने मान डोलावली आणि माप घ्यायला खिडकीकडे गेला. बाई तिथेच उभ्या राहिल्या. काल सर आले तेव्हा सासूबाई दारापाशी उभ्या होत्या, आणि सुया पिशवीतून बाहेरही आल्या नव्हत्या. बाईंनी खिडकीतून चौकापलीकडे पाहिलं. समोरच्या केबिनचा पडदा आज पुरता बाजूला सारलेला होता.