तिसऱ्या कडव्यानंतरचं हसू

आत्याकडे पाठ करून त्याने प्लेअर सुरू केला, सुई टेकवल्यासारखं केलं आणि खिशातल्या मोबाइलवर हळूच गाणं लावलं. मोबाइलला जोडलेला स्पीकर वाजू लागला. प्लेअरवर फिरत होती ती भलतीच, चरे पडलेली रेकॉर्ड. आत्याच्या गाण्याची रेकॉर्ड कपाटात होती, कारखान्यातून आली तशी, प्लास्टिकच्या वेष्टनात. मोजक्याच प्रती निघालेल्या. वेष्टन फाडलं की सगळी शान गेली, असं संग्राहक मंडळी मानतात, आणि त्या मंडळींत त्याचा शब्द चाले. रेकॉर्ड ऐकायला घेतात, ही बाहेरच्यांची भाबडी समजूत.

दुखरे गुडघे सांभाळत आत्या ती रेकॉर्ड ऐकायला दोन बस बदलून आली होती. तरुणपणी ती या गाण्याच्या कोरसमध्ये होती.

"तिसऱ्या कडव्यानंतर कान दे," ती म्हणाली. "माझी मैत्रीण काहीतरी पुटपुटली नि आम्ही दोघी फिसकन हसलो. तेव्हा कापलं होतं ते. या नव्या रेकॉर्डवर ठेवलंय म्हणे."

मैत्रीण जाऊन वर्ष होत आलं होतं.

 हसण्याचं तिने आधी सांगितलंच नव्हतं. मोबाइलवरचं गाणं तर जुनंच, कापलेलं.

कडवं आलं. आत्या खुर्चीत पुढे सरकली, ओठांवर हसू तयार. कडवं संपलं, बासरी सुरू झाली. हसू थोडा वेळ तसंच थांबलं.

"नाही ठेवलं वाटतं."

आत्ताच सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"या कंपन्यांचं काही खरं नसतं गं."

स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तो कप उचलून आत गेला. बाहेर आला तर आत्या कपाटापाशी उभी, हातात ती रेकॉर्ड. तिचं बोट वेष्टनाच्या न फाटलेल्या कडेवरून फिरत होतं.

"छान जपतोस रे," ती म्हणाली आणि रेकॉर्ड होती तिथे नीट ठेवली.

ती चपला घालेपर्यंत त्याने वेष्टनात नख खुपसलं. प्लास्टिक टरकन फाटलं.

"आत्या, थांब ना. लावतो."

"राहू दे. बस चुकेल माझी."

लिफ्ट मजल्यावरच उभी होती. आत्या कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली.