चव्वेचाळीस मीटर

परराष्ट्र खात्यात मला पाठीमागे 'मांजर' म्हणतात, कारण मी दूधसुद्धा हुंगून पिते म्हणे. म्हणोत बापडे. गुप्त कागदांच्या कपाटाची किल्ली बावीस वर्षं माझ्या कमरेला आहे, ती काही माझ्या भोळेपणाचं बक्षीस नव्हे.

आमचा देश लहान, आणि सदा दोन डगरींवर पाय ठेवून उभा. तीस वर्षं आमची रडारं जुन्या मित्राची. आता कानामागून आलेला नवा मित्र तिखट झाला होता. किनाऱ्यावर त्याचे रडार मनोरे उभे करायचा करार ठरत होता. जुन्याला पत्ता लागू द्यायचा नव्हता. त्याने रागाने सुटे भाग बंद केले असते, तर नवे मनोरे उभे राहीपर्यंत आमचं आकाश आंधळं झालं असतं.

मसुद्याच्या सहा प्रती निघाल्या. माझी एक जुनी पद्धत आहे. प्रत्येक प्रतीत एक निरुपद्रवी आकडा मी वेगळा घालते. या खेपेला मनोऱ्याची उंची. कुणाला एक्केचाळीस मीटर, कुणाला बेचाळीस. कोणता आकडा कुणाला दिला, ती यादी माझ्या हातची, एकच, कपाटात. मसुदा फुटला की आकडाच चोराचं नाव सांगतो.

बुधवारी मसुदा फुटला. जुन्या मित्राच्या राजधानीतल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर अख्खं परिशिष्ट छापून आलं. मनोऱ्याची उंची चव्वेचाळीस मीटर.

चव्वेचाळीस म्हणजे माझा धाकटा भाऊ.

तो वायुदलात रडार अभियंता. कराराच्या पहिल्या प्रस्तावावर विरोधी शेरा मारणारा तो एकटाच. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहतो; त्याच्या शाळेचा डबा मी भरला आहे. यादी तीनदा पाहिली. मग मला नको नको ते आठवायला लागलं. दोन वर्षं तो जुन्या मित्राच्या देशात शिकला होता. मागच्या महिन्यात बाल्कनीत फोनवर बोलत होता, मला बघून गप्प झाला होता. कुणाचा फोन म्हणून विचारलं, तर "तुला कशाला पंचायती?" म्हणाला होता.

रात्रभर रडले आणि सकाळी सचिवसाहेबांसमोर त्याचं नाव लिहून खाली सही केली. नियम म्हणजे नियम. साहेबांचे डोळे पाणावले. "बाई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून देश उभा आहे. घरी जा, आज आराम करा." त्या शब्दांनी मला बरं वाटलं, याची लाज मी मरेपर्यंत वागवणार आहे.

दुपारी एक वाजता धाकटा दारात उभा. आठ दिवस किनाऱ्यावरच्या ठाण्यात होता. नाक उन्हाने सोलवटलेलं.

"ताई, जेवायला काय आहे? आणि हे तुझं बाड घे बाई परत. उघडायलासुद्धा फुरसत नाही मिळाली. जुनं रडार बंद पडलं होतं, आठ दिवस त्याच्याच पोटात डोकं घालून होतो."

त्याने बॅगेतून मसुद्याचं खाकी पाकीट काढलं. मी ते खिडकीशी नेलं, कडा चाचपल्या, दोरा पाहिला. लाख मी स्वतः ओतते आणि शिक्क्याशेजारी अंगठा दाबते. शिक्का, अंगठा, सगळं शाबूत होतं.

"असं काय बघतेस? मी चोर आहे का?" तो हसत म्हणाला.

"जेव तू. मी आलेच," म्हणत मी पाकीट घेऊन निघाले.

धापा टाकत साहेबांच्या खोलीत शिरले आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "साहेब, माझं चुकलं. त्याने हे उघडलेलंच नाही. त्याचं नाव काढा." बावीस वर्षांत कुणाला पोच घेतल्याशिवाय कागद दिला नव्हता. त्या दिवशी दिला.

साहेबांनी पाकीट दिव्याखाली धरलं. "खरंच की," ते म्हणाले. मग टेबलावरची सुरी घेऊन त्यांनी सावकाश लाख फोडली आणि तुकडे टोपलीत झटकले.

"साहेब, हे काय केलंत?"

"आता उघडलेलं आहे," ते म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यादी कपाटाबाहेर एकदाच गेली होती. मागच्या सोमवारी, अर्धा तास, याच टेबलावर, सहीसाठी. चव्वेचाळीस कुणाचे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. मी शिपायापासून सख्ख्या भावापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, आणि इथे कुंपणच शेत खात होतं.

"जुना मित्र घाबरला," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "दहा वर्षं सुटे भाग देतो, असं काल लिहून दिलंय त्याने. नव्याला मात्र फितूर कोण ते दाखवावं लागतं. आपल्याला दोघेही हवेत, बाई."

"म्हणून माझा भाऊ?"

"विरोधी शेरा त्याचाच होता ना? शिवाय दुसरं नाव असतं तर चौकशा झाल्या असत्या. सख्ख्या बहिणीने सही करून नाव दिल्यावर कोण शंका घेणार?"

मी त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि घरचा नंबर फिरवला. धाकट्याने उचलला.

"ताई, आहेस कुठे? तुझ्या ऑफिसातले दोघं आलेत. मी म्हटलं, ताई येईलच एवढ्यात, बसा ना. चहा टाकलाय त्यांना."