राख्याच्या गळ्यातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. मित्रांनो, पट्टा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आला असेल, तर तो आधी बाजूला सारा. मी माणसाच्या खांद्यावरचा पट्टा. खांद्यावरून छातीवर तिरका यायचो आणि कमरेपाशी बकल लागायचे. छातीवर पितळी बिल्ला असायचा. मला चढवले की रखमाजी पट्टेवाला व्हायचा. मला खुंटीला लावले की उरायचा नुसता रखमाजी. एवढा माझा मान होता, आणि तो मला अजून विसरता येत नाही. आज मात्र मी लोणावळ्यात, भट्टीच्या आळीत, लाकडांच्या खोपीबाहेर एका खिळ्याला लटकतो आहे. जाणारे-येणारे मला वळसा घालून जातात. माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो.

माझा जन्म पुण्याचा. म्हशीचे जाड कातडे, दुहेरी शिवण, आणि शिवणारा हात असा की टाका मोजून घ्यावा. तिथून मी वडगावच्या कचेरीत आलो आणि रखमाजीच्या वाट्याला आलो. आमचे काम तसे सोपे होते. साहेबांच्या दाराशी उभे राहायचे, कागद इकडून तिकडे न्यायचे आणि साहेब आत असले तरी बाहेर गेलेत असे गंभीर चेहऱ्याने सांगायचे. रखमाजी मला दर रविवारी एरंडेल चोळी. त्याची बायको झुंबरबाई म्हणे, की एवढे लाड माझे केले असते तर मी पण अशीच तुकतुकीत दिसले असते.

रखमाजीची नोकरी संपली तेव्हा बिल्ला सरकारजमा झाला. पट्टा झिजलेला म्हणून तो मागितला कुणी नाही. बिल्ल्याच्या जागी माझ्या अंगावर एक फिकट गोल राहिला. पुढे रखमाजीही गेला. झुंबरबाई लोणावळ्याला या आळीत राहायला आली आणि तिने मला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पेटीत ठेवले. दिवाळीला बाहेर काढायची, तेल लावायची, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायची आणि पुन्हा आत ठेवायची. मित्रांनो, अंधाऱ्या पेटीत पडून राहणे वाईट असते असे सगळे म्हणतात. मला ते दिवस बरे वाटले. तिथे कसली भीती नव्हती.

भीती बाहेर आल्यावर सुरू झाली. गेले महायुद्ध संपून वीसेक वर्षे झाली होती. आमच्या आळीच्या तोंडाशी वाहिदची पावाची भट्टी होती. भट्टीमागच्या गरम राखेत एक पिल्लू लोळत वाढले, म्हणून त्याचे नाव पडले राख्या. अंगाने दांडगा, पण मनाने गरीब. सकाळी वाहिद त्याला करपलेला पाव टाकी, दुपारी शेजारची मुक्ताबाई भाकरीचा तुकडा देई, संध्याकाळी झुंबरबाई बंगल्यावरची भांडी घासून आली की तिच्या पदराला काहीतरी बांधलेले असेच. रात्री कुणाच्याही ओट्यावर निजे. अशी आणखी तीन-चार कुत्री आळीत होती. ती कुणाची, हे कुणी कधी विचारले नाही.

मग यंदाच्या उन्हाळ्यात जवळच्या वलवण गावाच्या बाजूला पिसाळलेले कुत्रे सुटले. गुरांना चावले, एका म्हाताऱ्याला चावले. म्हाताऱ्याला पुण्याला सुया द्यायला नेले, पण उशीर झाला होता. आळीतली माणसे संध्याकाळ झाली की मुलांना आत ओढू लागली. चार दिवसांनी दवंडी आली, की गळ्यात पट्टा नसलेली मोकाट कुत्री धरून नेली जातील. धरून नेल्यावर काय होते, ते सगळ्यांना ठाऊक होते.

आळीत एकच धांदल उडाली. कुणी बैलाची घुंगरमाळ कुत्र्याला घातली, कुणी धोतराचा काठ फाडला. मुक्ताबाईने तांबड्या कुत्रीच्या गळ्यात लेकीची रिबीन बांधली आणि ती कुत्री दिवसभर लाजल्यासारखी ओट्याखाली बसून राहिली. झुंबरबाईने पेटी उघडली. मी दचकलो, कारण दिवाळी नव्हती.

तिने मला मारुती चांभाराकडे नेले. तो म्हणाला, एवढा लांब पट्टा कुत्र्याला काय करायचा, निम्मा कापतो. झुंबरबाईने मला त्याच्या हातातून ओढूनच घेतले. रखमाजीच्या वस्तूला कात्री लावून घ्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी मारुतीने मला राख्याच्या मानेभोवती दोन वेढे दिले आणि बकल लावले. कचेरीच्या दारात उभा राहणारा मी कुत्र्याच्या गळ्यात पडलो. मला फार अपमान वाटला. राख्याला मात्र गुदगुल्या होत होत्या, आणि तो शेपूट हलवत आळीभर मला मिरवून आला.

आता एक गोष्ट नीट ऐका. झुंबरबाई ज्या बंगल्यात कामाला जाई, तिथल्या शेठजींची कुत्री पट्टा घालून असत. ती कधी पिसाळल्याचे तिने ऐकले नव्हते. त्यावरून तिने ठरवून टाकले की पट्ट्याचे कुत्रे पिसाळत नाही. तिने ते मुक्ताबाईला सांगितले, मुक्ताबाईने आळीला. बंगल्यातल्या पट्ट्याला साखळी असते आणि साखळीचे टोक गड्याच्या हातात असते, हे तिने रोज पाहिले होते. पण तिच्या मनात राहिला तो पट्टा. राख्या गळ्यात मी असताना पूर्वीसारखाच मोकळा हिंडत होता, आणि आळी निश्चिंत झाली होती.

एका दुपारी ते पिसाळलेले कुत्रे आले. रेल्वेच्या रुळांकडून, मान खाली, तोंडाला फेस, पाय ओढत. भट्टीपुढे मुले गोट्या खेळत होती. वाहिदची धाकटी मेहरुन त्यांच्यात होती. राख्या मध्ये गेला. दोघे असे भिडले की मला आभाळ कुठे आणि जमीन कुठे ते कळेना. त्या कुत्र्याने राख्याची मानच धरली, म्हणजे मला धरले. माझ्या कातड्यात त्याचे दात रुतले. मी जाड होतो, तग धरला. पण माझ्या दोन वेढ्यांमध्ये बोटभर फट होती. एक दात त्या फटीतून आत गेला. राख्याच्या कातडीत तो शिरल्याचे मला कळले. इतर कुणाला कळले नाही.

रुळांवरची माणसे काठ्या घेऊन धावली आणि त्यांनी ते कुत्रे मारले. मग सगळ्यांनी राख्याला चाचपून पाहिले. पाय पाहिले, पाठ पाहिली, तोंड पाहिले. मानेवर मी होतो, माझ्यावर दातांच्या खुणा होत्या आणि रक्ताचा थेंब नव्हता. पट्ट्याने वाचवले, पट्ट्याने वाचवले, असे जो तो म्हणू लागला. झुंबरबाईने मला हळदकुंकू लावले. मित्रांनो, एवढे कौतुक माझे कचेरीतसुद्धा झाले नव्हते. आणि मी आतून नुसता घाबरलो होतो, कारण माझ्याखाली ओल येत होती.

दुसऱ्या दिवशी मुकादम भिमाजी आला. मोकाट कुत्री धरण्याचे काम त्याच्याकडे होते. मनाने वाईट नव्हता, पण त्याला पाहिले की मुले पळत. झटापट झालेले कुत्रे नीट पाहायला हवे, असे तो म्हणाला.

"पट्टा काडून दावा," त्याने सांगितले.

"पट्टा काडला की तुमी म्हननार, बिनपट्ट्याचं हाय, आन् घिऊन जानार," झुंबरबाई म्हणाली. "मी न्हाई काडायची."

यावर आळी हसली. भिमाजीलाही हसू आले. बरं, बांधून तरी ठेवा, असे तो म्हणाला. राखण करणाऱ्याला कोण बांधून घालतं, असे उलट मुक्ताबाईनेच त्याला विचारले. तो मान हलवत निघून गेला. मला ओरडावेसे वाटत होते, की मला काढा, एकदा मला काढून बघा. पण पट्ट्याला कुठली वाचा?

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. जखम वरून सुकत गेली. मेहरुन रोज यायची, राख्याच्या गळ्यात हात टाकायची, माझ्या फटीत बोटे घालून त्याला खाजवायची. ती लहानगी बोटे आत आली की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. राख्या तिचे हात चाटायचा. तो बरा होता, खात होता, खेळत होता. म्हणून मला कधी वाटे, काही होणार नाही. आणि लगेच वाटे, होणार.

पुढच्या महिन्यात राख्या मान खाजवू लागला. मागच्या पायाने मला ओरबाडायचा, भिंतीला घासायचा. झुंबरबाईला वाटले, पिसवा झाल्या असतील. वाटीत कडुनिंबाचे तेल घेऊन ती ओट्यावर बसली आणि तिने माझे बकल सोडले. पहिला वेढा निघाला, दुसरा निघाला. केस बाजूला करता करता तिचा हात थांबला.

दाताची खूण तिला दिसली. आळीत कुणी नव्हते. ती मला पुन्हा होतो तसा गुंडाळून टाकू शकत होती, आणि कुणाला कधी कळले नसते. तिचे हात तेवढ्यासाठी उचललेही गेले, ते मी पाहिले. राख्याने तिच्या गुडघ्यावर डोके टेकवले होते. इतक्यात मेहरुन पावाचा तुकडा घेऊन पळत आली.

"मेहरुन, तितंच थांब. म्होरं येऊ नगं," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज असा कधी नव्हता. पोरगी जागच्या जागी उभी राहिली आणि रडू लागली.

तिने जखमेवर मला परत चढवले नाही. रखमाजी घालायचा तसा तिने मला राख्याच्या खांद्यावरून छातीवर तिरका घेतला, पोटाखालून आणून बकल आवळले, विहिरीचा जाड दोर ओवला आणि त्याला लाकडांच्या खोपीत मेढीच्या खांबाला बांधले. जन्मात पहिल्यांदा बांधला गेलेला तो कुत्रा तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग तिने वाहिदला हाक मारली.

वाहिदने बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी मेहरुनचे आणि झुंबरबाईचे हात उलटसुलट करून पाहिले. कुठे चीर नाही, खरचटलेले नाही, असे ते म्हणाले तेव्हा वाहिदने लेकीला उचलून घेतले. भिमाजीलाही बोलावणे गेले होते. त्याचे मत असे की कुत्रा आत्ताच मारावा. आळी गयावया करू लागली. पिसाळेलच कशावरून, राहू द्या, त्यानेच आमची पोरे वाचवली, असे सगळे म्हणत होते.

"ऱ्हाऊ द्या म्हनता, तर ऱ्हाऊ द्या," भिमाजी म्हणाला. "पर सुटला आन् कुनाला चावला, तर मी कुनाला धरू? कुत्रं कुनाचं हाय?"

वाहिद जमिनीकडे पाहू लागला. मुक्ताबाई हळूच म्हणाली, "आळीचं हाय."

"आळीला दोर धराया हात हाईत का?" भिमाजीने विचारले. तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

झुंबरबाई पुढे आली. "माजं हाय," ती म्हणाली. "माज्या मालकाचा पट्टा हाय त्येच्या अंगावर. जे व्हईल त्ये माज्यावर घाला."

त्या दिवसापासून ती कामावरून आली की खोपीच्या दारात बसे. लांब बांबूने भाकरी आत सारी, पाणी सारी आणि त्याच्याशी बोलत राही. एका सकाळी राख्याने पाण्याकडे पाहिले आणि तो थरथरला. त्याचा आवाज बदलला. संध्याकाळपर्यंत तो तिलाही ओळखेनासा झाला.

मित्रांनो, आता माझी पाळी होती. पिसाळलेल्या कुत्र्याला किती जोर येतो, ते सांगून खरे वाटणार नाही. तो दोराला हिसके देई तेव्हा सगळा जोर माझ्यावर येई. मी म्हातारा, माझे कातडे सुकलेले, दिवाळीपासून तेल नाही. बिल्ल्याच्या जागेपाशी एक टाका तुटला. दुसरा तुटला. खोपीच्या पलीकडे मुलांचा आवाज येत होता. मी तुटलो तर तो थेट त्या आवाजाकडे जाणार होता, आणि ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनाच चावणार होता. मी राख्याला मनातल्या मनात हजारदा सांगितले, बाबा रे, थांब. पण तो आता राख्या नव्हता. दोन दिवस तो ओढत होता आणि मी धरून होतो. तिसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय गेले. दुपारी तो मेला. मी तुटलो नाही.

आज सकाळी भिमाजीने त्याला चुना घालून खोल पुरले. मग काठीने मला उचलून या खिळ्याला अडकवले आणि झुंबरबाईला म्हणाला, "मावशी, मालकाचा हाय, मला ठावं हाय. पर लाळ लागली. जाळावा लागंल."

"जाळायचाच," ती म्हणाली. "पोरं हितं खेळत्यात."

कापू न दिलेला पट्टा जाळायला ती कशी तयार झाली, याचा मी सकाळपासून विचार करतो आहे. मला तिचा राग आलेला नाही. भीती मात्र वाटते, ती मी लपवत नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढे माझे ऐका. कुत्र्याला भाकरी घाला, माया करा. त्याच्या गळ्यात पट्टा घालाल, तर अधूनमधून तो काढून खाली काय आहे ते बघा. आणि नुसता पट्टा घालून निश्चिंत होऊ नका. पट्ट्याला दोर लागतो आणि दोर धरायला कुणीतरी लागते. कुत्रे कुणाचे, असे कुणी विचारले तर सगळ्या आळीकडे बोट दाखवू नका.

झुंबरबाईने पाचोळा आणि काटक्या रचल्या आहेत. भिमाजी आणि आळीतली माणसे अंतर ठेवून उभी आहेत. तिने काडी ओढली तेवढ्यात मुक्ताबाई घरातून बाहेर आली. तिने भिमाजीला सांगितले, "ही तांबडी माजी. माज्या नावावर ल्ह्यून घ्या." तिच्या हातात दोर आहे, आणि दोराच्या टोकाला तांबडी कुत्री उभी आहे.