दाण्याविना चहा

"आज चहाच्या तबकापाशी बा सीदीच बसतील, दुसरं कुणी नाही," बतूलने सकाळी सकाळीच नवऱ्याला ठणकावलं.

अब्दुलहक आंघोळीच्या खोलीत दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला, "आणि बाने चहा पाहुण्यांच्या मांडीवर ओतला म्हणजे? ईदला माझ्या मेहुण्याचा गुडघा भाजला, तेव्हा तू काय झोपली होतीस?"

"मेहुणा मध्ये मध्ये लुडबुडत होता."

"मेहुणा गप बसला होता, बाई. बाला दिसत नाही, एवढं साधं आहे."

दिसत नव्हतं, हे खरंच. तिच्या सासऱ्यांच्या, सी मुफद्दलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारा खवळायचा. पण मेकनेस शहरातल्या त्या गल्लीत चाळीस वर्षं कुणाकडे लग्न असो, बारसं असो, की कुणी हजहून परतलेलं असो, यजमान चहाचं तबक आणून ठेवायचा तो सी मुफद्दलांच्याच पुढ्यात. बैठकीतल्या सगळ्यात मानाच्या माणसाने चहा करायचा आणि बाकीच्यांनी गप्पा मारत त्याचे हात बघायचे, अशीच रीत. आता त्या माणसापाशी दुसरं उरलं होतं काय? दुकान गेलं, बायको गेली. तबक तेवढं राहिलं होतं. आणि आज तर त्यांच्या लाडक्या नातीला, वियामला, मागणी घालायला माणसं यायची होती.

"बरं, बसू दे," अब्दुलहक तोंड पुसत म्हणाला. "पण आज काही चुकलं, तर उद्यापासून तबक कपाटात. आणि हे बाला तू सांगायचंस. मी नाही."

"सांगेन," बतूल म्हणाली.

पुदिना आणायला ती स्वतः गेली. एकेक जुडी उचलून हुंगत बसली, तेव्हा पुदिनेवाला हसून म्हणाला, "लल्ला बतूल, पुदिना घेताय की सून निवडताय?"

"सून नाही रे, जावई."

"मग ही घ्या. तांबूस देठाची, आज पहाटे काढलेली. जावई वाईट निघाला तर माझ्याकडे येऊ नका म्हणजे झालं."

घरी येऊन तिने मुळं छाटली, खालची जून पानं काढून टाकली, चार जुड्या तीन पाण्यांतून धुतल्या आणि पांढऱ्या फडक्यावर पसरून ठेवल्या. सगळं घर त्या वासाने जागं झालं.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर पाहुणे आले. निळ्या कागदात गुंडाळलेल्या साखरेच्या उंच ढेपा, खजूर, दूध, सगळं रीतीप्रमाणे घेऊन आले. मुलगा तौफीक कॉलर सैल करत अवघडून बसला होता, समोर वियाम. शेजारी त्याची आई, तिच्याशेजारी त्याची आत्या लल्ला झहूर. या बाईचे डोळे छतापासून गालिच्यापर्यंत सगळीकडे फिरून आले होते. आणि मधोमध मुलाचे आजोबा, हाज बेन्नासर. एक घोट घेऊन चहात काय चुकलंय ते सांगतात अशी त्यांची ख्याती. नशीब बघा, नेमका असलाच माणूस आज समोर यायचा होता!

सी मुफद्दल पांढरा झगा घालून तबकापाशी बसले. त्यांनी मुठीने मोजून हिरव्या चहाचे दाणे चहादाणीत टाकले आणि किटलीतलं उकळतं पाणी थोडंसं ओतलं. मिनिटभराने ते पाणी एका ग्लासात काढलं. हे पहिलं पाणी म्हणजे चहाचा जीव. तो बाजूला जपून ठेवायचा आणि शेवटी परत घालायचा. मग दुसरं पाणी घालून चहादाणी खळखळवली. या पाण्यात दाण्यांची धूळ आणि कडूपणा निघतो, ते फेकायचं. पूर्वी ते हे पाणी थेट सांडपाण्याच्या भांड्यात ओतायचे. हल्ली भांडं नीट दिसत नाही, गालिचा खराब होतो, म्हणून तेही आधी ग्लासातच घ्यायचे.

दोन ग्लास शेजारीशेजारी उभे राहिले. एक मधासारखा स्वच्छ, एक गढूळ.

"हाज, तुमच्या गावचं पाणी जड," सी मुफद्दल बोलत होते. "त्या पाण्यात गाढवाला आंघोळ घातली तरी त्याचे केस राठ होतात."

"आणि तुमच्या गावचं पाणी इतकं हलकं, की माणसं पिऊन नुसती बडबडतात," हाजनी परतवलं. सगळे हसले. हसता हसता सी मुफद्दलांचा हात पुढे गेला, त्यांनी मधासारखा ग्लास उचलला आणि भांड्यात रिता केला. मग गढूळ ग्लास उचलला आणि चहादाणीत ओतला.

बतूलने ते पाहिलं.

अब्दुलहक तौफीकशी बोलत होता, त्याने पाहिलं नव्हतं. लल्ला झहूर बांगड्या सारख्या करत होती. फक्त हाज बेन्नासर हातांकडे बघत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि हळूच खाली आल्या. मेलो आपण, बतूलला वाटलं. बोलावं तर भरल्या बैठकीत बा सीदींची लाज जाते. न बोलावं तर एका घोटात सगळं उघडं पडतं, आणि उद्या तबक कपाटात.

"बा सीदी!" तिचा आवाज जरा मोठाच निघाला. सगळे वळले. "विसरलात ना? तुम्ही म्हणाला होतात, या पोरीला मागणी येईल त्या दिवशी पाहुण्यांना तिचा चहा पाजीन. दाण्याविना, नुसत्या पुदिन्याचा."

असं ते कधीही म्हणाले नव्हते. पण तो चहा खोटा नव्हता. तेवीस वर्षांपूर्वी वियाम पोटात होती, बतूलच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता आणि चहाच्या दाण्यांच्या नुसत्या वासानं ती ओकारीला पळायची. तेव्हा, ज्या माणसाने जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो सासरा रोज दुपारी दुकान बंद करून यायचा आणि चुलीपाशी उभा राहून तिच्यासाठी नुसत्या पुदिन्याचा चहा करायचा. तीन महिने! सासू म्हणायची, सुनेला डोक्यावर बसवताय. ते म्हणायचे, तुला पण देतो, गप पी. बतूल ते कधी विसरली नाही.

सी मुफद्दलांचे पांढुरके डोळे तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. मग त्यांनी नुकत्याच चहादाणीत रित्या केलेल्या ग्लासाच्या तळाला बोट लावलं आणि बोट जिभेवर टेकवलं. कडू.

"होय," ते सावकाश म्हणाले. "म्हणालो होतो खरा. म्हातारपण, दुसरं काय. हे घेऊन जा, पोरी, आणि दुसरी चहादाणी आण."

"अगं बाई, मागणीच्या दिवशी दाण्याविना?" लल्ला झहूरने नाक मुरडलं. "आमच्याकडे हा आजाऱ्याला देतात."

"आमच्याकडे पोटुशीला देतात, लल्ला," बतूल म्हणाली. "ही पोर पोटात तीन महिने यावरच पोसली. कशी झालीय, समोरच बसलीय, बघा." वियामने मान खाली घातली आणि तौफीकने मात्र डोळे भरून पाहून घेतलं. अब्दुलहक बायकोकडे बघत राहिला, ही काय बोलतेय त्याला कळेना.

आणि मग सी मुफद्दलांनी चहा केला. काय सांगावं, त्या हातांना डोळ्यांची गरजच नव्हती! गरम पाण्याने चहादाणी विसळली, तिच्या पोटाला तळवा लावून ती पुरती तापली का पाहिलं. पुदिन्याची मूठ उचलून कानाशी नेली, हलकेच दाबली, पानं करकरली तेव्हाच आत घातली. किटली शेजारच्या शेगडीवरून उतरवायला लावली आणि पाण्याचा आवाज बसेपर्यंत थांबले. पाणी ओतल्यावर लांब दांड्याच्या चमच्याने सगळी पानं बुडवली, कारण एक पान जरी वर तरंगलं तर भाजतं आणि सगळा चहा आंबट करतं. वर साखरेचे दोन खडे. चमच्याने ढवळणं नाही. एक ग्लास भरायचा, परत चहादाणीत ओतायचा, असं तीनदा. मग त्यांनी हात वर नेला, वर, खांद्याच्याही वर, आणि धार सोडली. धार जराही हलली नाही. ग्लासात पडणाऱ्या पाण्याचा सूर चढत गेला आणि सूर ऐकूनच त्यांनी काठाच्या बोटभर खाली धार तोडली. सहा ग्लास, एक थेंब बाहेर नाही.

बतूलने ग्लास पाहुण्यांपुढे फिरवले.

हाज बेन्नासरनी घोट घेतला. डोळे मिटले. लल्ला झहूर त्यांच्या तोंडाकडे बघत होती, बोलायची संधी शोधत.

"झहूर," हाज म्हणाले, "तुझा ग्लास थंड होतोय. नको असेल तर इकडे दे."

तिने दिला नाही. पहिल्या घोटानंतर तिने नाक मुरडणंही सोडलं. दुसरा ग्लास मात्र स्वतःहून पुढे केला.

निघताना दारात हाज क्षणभर मागे रेंगाळले. काठी सारखी करत बतूलला हळूच म्हणाले, "पोरी, अल्लाची शपथ, ते धुवणाचं पाणी गोड मानून प्यायची मी तयारी केली होती. तारीफही ठरवून ठेवली होती. तू वाचवलंस." मग हसले. "नातसून पसंत होतीच. आता तिची आईही पसंत आहे. तारीख काढा."

सगळे गेल्यावर बतूल ग्लास गोळा करायला बैठकीत आली, तर सी मुफद्दल अजून तबकापाशीच बसलेले.

"मी कधी म्हणालो होतो तसं?" त्यांनी विचारलं.

"म्हणाला होतात."

"डोळे गेलेत, पोरी. डोकं नाही." ते तबकाच्या काठावरून बोट फिरवत होते. "सकाळी अब्दुलहक काय बोलला, तेही ऐकलंय मी. आंघोळीच्या खोलीचं दार लागत नाही नीट."

बतूल खाली मान घालून ग्लास गोळा करू लागली. अब्दुलहक दारात येऊन उभा होता, तो पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला.

"अब्दुलहक," म्हातारा म्हणाला, "तबक कपाटात जायचं नाही."

"नाही बा. मी आपलं..."

"ऐक. उद्या डॉक्टरकडे जाऊन ऑपरेशनची तारीख घे. लग्नात नातीचं तोंड नीट दिसलं पाहिजे मला." मग ते चाळीस वर्षांच्या आपल्या जागेवरून हातभर बाजूला सरकले आणि त्यांनी शेजारची मोकळी गादी थोपटली. "तोवर इथे ही बसेल."

"बा सीदी, मी? तुमच्या जागेवर?"

"जागा माझीच आहे. तू बसायचंस, मी शेजारी बसून चुका काढायच्या." त्यांनी किटली तिच्याकडे ढकलली. "बस. आणि आधी माझ्यासाठी कर. दाण्याविना. तेव्हा मी तुला रोज पाजला, मला कुणी एकदा तरी करून पाजला का?"

बतूल बसली. पुदिन्याची शेवटची जुडी उचलून तिने कानाशी नेली.