पानओव्याचा रस

तुळसाबाईंच्या पानओव्याच्या रसापुढे लकडगंजात भल्याभल्यांची बोलती बंद होती. बाळ रडलं की रस, पोट फुगलं की रस, आणि काही झालं नाही तर होऊ नये म्हणून रस. सून प्रेमिला हिला आई नव्हती, त्यामुळे तिची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. पहिली पोर तो रस पिऊन हिरवं हिरवं ओकली आणि बारशाआधीच गेली. रसानंच घात केला, असं प्रेमिलाच्या मनानं तेव्हा घेतलं ते घेतलंच. तोंडातून मात्र शब्द काढला नाही. काढते कशी, त्या घरात!

या खेपेला मुलगा झाला. सासू सकाळी रसाचं बोंडलं हातात देऊन चुलीकडे वळली, की प्रेमिला ते बाजेखालच्या शेगडीच्या राखेत ओतायची आणि पदरानं बाळाचं कोरडंच तोंड पुसायची. एक थेंब तिनं पोटात जाऊ दिला नव्हता.

आणि आज दुपारी पोरगा दूध पिता पिता ओकला. हिरवंगार.

"रस उलटला, अजून काय," तुळसाबाई म्हणाल्या. "उद्या थोडा कमी देजो."

पुन्हा ओकला, पुन्हा हिरवं. रडण्यातला जोर ओसरला, अंग गळून गेलं. नवरा, मारोतराव, लाकडाच्या टालीवरून, वखारीतल्या कामावरून, जेवायला आला होता. त्यानं वाकून पाहिलं.

"दवाखान्यात न्यावं काय, माय?"

"रसाच्या उलटीले दवाखाना? लोकं हासतीन." तो गुमान पाटावर जाऊन बसला.

प्रेमिला ते हिरवं पाहतच राहिली. रस तर राखेत होता. मग बाळाच्या पोटातून हे हिरवं आलं कुठून? सांगावं तर रोजचं खोटं उघडं पडणार, आणि सासू या घरात उभं राहू देणार नाही. मांडीवरचं पोर पुन्हा आचके देऊ लागलं.

"मामी, तो रस नाही!" ती सासूकडे पाहत ओरडलीच. "म्या एकदाही पाजला नाही. रोज शेगडीत ओतून राहिली होती."

तुळसाबाईंचा हात उठला. प्रेमिलानं डोळे मिटले. पण त्या हातानं बाळाला उचललं.

"मारोत, रिक्षा आण गा! राहू दे ते ताट!"

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाळोत्यावरचा डाग पाहिला. "काही पाजलं होतं का याला?"

"नाही," तुळसाबाईच बोलल्या. "मायच्या दुधाबिगर काहीच नाही."

"मग हे पित्त आहे. आतड्याला पीळ पडला असणार. आता तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका." बाळाला तसंच आत नेलं.

ऊन कललं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. आतडं काळवंडायला लागलं होतं, पण पीळ सुटला, पोर वाचलं. उद्यावर टाकलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं, म्हणाले. प्रेमिला हमसून हमसून रडली. आता सासू आपला समाचार घेणार, म्हणून अंग चोरून बसली.

तुळसाबाई रिकाम्या बाळोत्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"प्रेमिला, त्या पोरीले तर म्या माह्या हातानं पाजला होता," त्या हळूच म्हणाल्या. "तिचं ते हिरवं रसच होतं ना वं? का तेही पित्तच होतं?"

इतकी वर्षं मनातल्या मनात याच बाईला दोष देत आलेल्या प्रेमिलाला आता हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना.