दोन्हीकडून शाबासकी

ऑफिसात त्याला सगळे ‘तराजू’ म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचं. विधेयक सरकारचं असो की विरोधकांचं, त्याचा खर्च किती आणि बोजा कुणावर, एवढंच खासदारांना सांगायचं, हे संसदेच्या त्या ऑफिसचं काम. ‘करावं’ आणि ‘करू नये’ हे शब्द तिथे शिव्यांसारखे टाळायचे.

पण गेल्या वेळी त्याच्या अहवालावरून सरकारी पक्षाने असा काही गहजब केला, की बिचाऱ्याची झोपच उडाली. “विकला गेलेला माणूस!” भर सभागृहात, हो! आणि कुणाला, तर कुठल्याही भाषणाला कधी टाळीसुद्धा न वाजवणाऱ्याला!

त्यामुळे रुग्णवाहिकांचं विधेयक आलं तेव्हा तो आधीच धास्तावलेला. केंद्राने पैसे देणं थांबवायचं, राज्यांनी आपापलं बघायचं, असा मामला. त्याने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. उत्तर एकच येई: गरीब राज्यांना हे झेपणार नाही, तिथल्या रात्रीच्या रुग्णवाहिका बंद पडणार. याला दुसरी बाजू नव्हतीच. पण या पठ्ठ्याने ती शोधून काढली! लिहिलं, ‘राज्यांना हा भार झेपेल का, याबाबत जाणकारांत मतभेद आहेत.’ कसले डोंबलाचे जाणकार? एक सरकारी पक्षाचा सल्लागार, आणि दुसरा हा स्वतः.

विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या समितीत एक अपक्ष बाई होत्या, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. मतं समसमान पडणार होती, त्यामुळे सगळं त्यांच्यावर येऊन अडलं. चष्मा पुसत त्यांनी सरळ विचारलं, “जाणकारांचं राहू द्या. तुमचा हिशोब काय म्हणतो?”

अगदी ओठांवर आलं होतं. समोर सरकारी पक्षाची मंडळी डोळे वटारून बसलेली. त्याने अहवालाचं पान उलटलं.

“मॅडम, अहवालात दोन्ही बाजू दिल्या आहेत.”

बाईंनी थोडा विचार केला आणि विधेयकाच्या बाजूने हात वर केला.

ऑफिसात नुसता आनंदीआनंद. दोन्हीकडून एकही तक्रार नाही, असं कधी झालं होतं? साहेबांनी चहा मागवला, पाठ थोपटली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज त्याला शिव्या खातानाही वाटली नव्हती. चहा तसाच टाकून तो धावत जिना उतरला. बाई दारात गाडीची वाट बघत उभ्या होत्या.

“मॅडम, ते रुग्णवाहिकांचं...”

“अहो, तुम्हालाच शोधत होते मी,” बाई म्हणाल्या. “माझी आई त्यातल्याच एका गरीब राज्यात राहते, एकटी. हात वर करताना छातीत नुसतं धडधडत होतं बघा. पण म्हटलं, खरंच धोका असता तर हा माणूस गप्प बसला नसता. फार आधार वाटला तुमचा.”

तेवढ्यात गाडी आली. त्याने मान खाली घालून दार उघडून धरलं आणि सवयीने म्हणाला, “आभारी आहे.”