सोन्याच्या पानातली माशी

तमिळ मुलखात, अंबत्तूरला, आमच्या बाल्कनीत नेच्याची कुंडी आहे. तिच्या दोन पानांवर मला पांढरट नागमोडी रेघा दिसल्या. आई म्हणाली, "रोग पडलाय, काढून टाक." मी म्हटलं, थांब! भिंगातून पाहिलं तर रेघेच्या टोकाला, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, एक इवलीशी अळी पान खात पुढे सरकत होती. ती रेघ म्हणजे तिचा बोगदा! आणि पुढे तिची माशी होणार होती.

वर्गात हे मी हात वर करून सांगितलं. मी! हजेरीलासुद्धा कुजबुजणारी रुचा! सुष्मिता मिस म्हणाल्या, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी असेंब्लीत बोल. पण माशी दाखव, नुसती गोष्ट नको."

कुणी चुकून तोडू नये म्हणून मी दोन्ही पानांना लाल धागा बांधला. दसऱ्यापर्यंत रेघांच्या टोकांना बारीक तपकिरी कोष दिसायला लागले.

दसऱ्याला मैत्रिणीकडून परतले, तर धाग्याची दोन्ही पानं गायब.

"बाबा, पानं?"

"वाटली की! नाशिकहून आपट्याचं कुरिअर आलंच नाही. म्हटलं, यंदा सोनं म्हणून नेचा देऊ. बरं झालं, तू धागा बांधून पूजेची पानं वेगळी ठेवली होतीस!"

मी पानं शोधत दारोदार विचारत सुटले.

एक पान तळमजल्यावरच्या उमाकांतकाकांनी कौतुकाने शर्टाच्या खिशात ठेवलं होतं, आणि तो शर्ट आता वॉशिंग मशीनमध्ये गिरक्या घेत होता. उरलं एक, दुसऱ्या मजल्यावरच्या कृष्णवेणी मामींकडे. मामी तंजावरच्या मराठी. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि आवाजाला बटण नाही.

"मामी, ते पान परत द्याल?"

"अय्यो! दसऱ्याचं सोनं परत मागतात का, कण्णा? लक्ष्मी निघून जाईल!"

पूर्वीची मी 'बरं' म्हणून जिना उतरले असते. आताची मी चपला काढून आत गेले. "देऊ नका. पण आत कोण आहे ते बघा तरी."

कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायरीवर, मातीच्या बाहुल्यांच्या मधोमध, माझं पान होतं. मामी भिंग घेऊन वाकल्या. भिंग पुढे नेलं, मागे नेलं.

"झोपलंय?" त्यांनी चक्क हळूच विचारलं.

"हो. पण पान सुकलं तर संपलं सगळं."

मामींनी ताबडतोब लोणच्याची रिकामी काचेची बरणी धुऊन पुसून आणली. तळाला ओला कापूस, त्यावर पान, तोंडाला मलमलचं फडकं. मग मी रोज दोनदा वर पळायचे. रविवारी संध्याकाळीसुद्धा काही नाही. मी दोन भाषणं लिहून ठेवली, एक माशीचं, एक माशीविना.

सोमवारी सकाळी सहाला दार धडधडलं. दारात मामी, हातात बरणी.

"आली! पाय चोळत बसलीय महाराणी!"

मोहरीएवढी माशी! मी तिथेच उड्या मारल्या. "द्या मामी, बस चुकेल."

"देऊ? सोनं मी हातातून सोडायची नाही. मीच येते."

आणि आल्या! जांभळी रेशमी साडी, केसांत मोगरा, पोटाशी बरणी. स्टेजवर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी पाच मिनिटं बोलले, न अडखळता. दुसऱ्या भाषणाचा कागद दप्तरातच राहिला.

सुष्मिता मिस हसत पुढे आल्या आणि त्यांनी बरणीकडे हात नेला.

मामींनी ती झटकन मागे घेतली. "लांबून बघा, मिस. दसऱ्याचं सोनं आहे."